आमच्या पाण्यातलं पाणमांजर

काहिलीतून पाणी ओलांडलेलं माणूस पुढे जन्मात कुठल्याही बोटीत बसलं, तरी पहिली दोन मिनिटं ते गिरकी यायची वाट बघतं. परवा मल्लाप्पाच्या बोटीत पाय ठेवल्या ठेवल्या मी सवयीने तळाला मधोमध फतकल मारली आणि दोन्ही हात कडेवर टेकवायला गेले. कडा कुठली हाताला लागते! ती हातभर वर.

"टीचर, वर फळीवर बसा की," मल्लाप्पा म्हणाला. "बोट हाय ही. गुळाची काईल न्हवं."

समोर बसलेला माझा थोरला भाऊ अण्णा मिशीतल्या मिशीत हसला. तो स्वतः मात्र फळी दोन्ही हातांनी गच्च धरून बसला होता. म्हणजे गिरकीची वाट तोही बघत होता.

काहील म्हणजे उसाचा रस उकळायची लोखंडी कढई. पण नुसती कढई म्हणून तिचा अपमान करू नये. सहा-सात माणसं मांडी घालून बसतील एवढा तिचा घेर. आमच्याकडे गुऱ्हाळ संपलं की तीच काहील पाण्यात लोटायची आणि तिलाच नाव म्हणायचं. तिला पुढची बाजू नाही, मागची नाही. वल्हं मारलं की पुढे सरकायच्या आधी ती एक गिरकी घेणारच. त्यामुळे काठावरून बेटाकडे जाताना गाव दिसायचं, मग बेट, पुन्हा गाव, पुन्हा बेट. अण्णा पाण्यात उतरून पोहत पोहत मागून ढकलायचा, तेव्हा कुठे ती सरळ चालायची. आणि तिचा वास! कितीही घासली तरी उन्हाने लोखंड तापलं की जुना गूळ जागा व्हायचा. फ्रॉक चिकट व्हायचा, मुंग्या आमच्याबरोबर प्रवास करायच्या. चहूकडे पाणी आणि नाकात करपलेल्या काकवीचा वास, असं माझं लहानपण गेलं. आता ती काहील परड्यात पालथी पडली आहे आणि तिच्याखाली वहिनीच्या कोंबड्या राहतात.

मी बेळगावात शाळेत विज्ञान शिकवते. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. गेली वीसेक वर्षं गळ्यात दुर्बीण अडकवून पक्ष्यांमागे हिंडते आहे. खानापूरच्या रानात जळवा लावून घेतल्या, गोव्याच्या खाडीत चिखलात कमरेपर्यंत रुतले. आणि आमच्याच गावच्या धरणात बोटीतून पक्षी-प्राणी दाखवायला सुरुवात झाल्याचं मला कळलं ते शेजारणीच्या मोबाइलवरून. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा! त्याच संध्याकाळी मी अण्णाला फोन लावला.

"काय हाय तिथं बघण्यासारखं?" अण्णा म्हणाला. "बगळं हाइत. आन् माझा गुडघा लई दुखतोय."

"मग मी एकटीच जाते."

"एकटी नको," तो एकदम म्हणाला. "येतो मी."

मला तिथे काय बघायचं होतं हे आमच्या घरातल्या भिंतींनाही ठाऊक आहे. मला पाणमांजर बघायचं होतं. एकदाच, आणि अण्णाच्या डोळ्यांदेखत. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, अकरा वर्षांची असताना, त्या बेटावर मी एक पाणमांजर बघितलं होतं आणि त्यावर आजवर कोणीही विश्वास ठेवलेला नाही.

फाल्गुनातली सकाळ. हत्तरगीला हायवे सोडला तेव्हाच मी गाडीची काच खाली केली, कारण पुढच्या वळणावर पाण्याचा वास येतो हे मला डोळे मिटूनही सांगता येतं. शेवाळ, ओली माती आणि कुठेतरी वाळत घातलेली मासळी. पाणी उतरायला लागलं होतं. उतरलेल्या पाण्यामागे जी काळी मळी उघडी पडते, तिच्यात कोणीतरी हरभरा केला होता. माझं लक्ष गाडी चालवण्यात नव्हतं हे त्या रस्त्यावरच्या दोन म्हशी सांगतील.

बोट निघाली. मल्लाप्पा पन्नाशीचा, जातिवंत मासेमार, कानडीत विचार करून मराठीत बोलणारा. त्याने आधी नारळाचा एक तुकडा आणि चिमूटभर कुंकू पाण्यात सोडलं आणि मग इंजिन सुरू केलं. शंभरेक हात गेलो असू-नसू, तोच अण्णा सवयीने मान वळवून काठाकडे बघायला लागला. देवळाचा कळस आणि पलीकडच्या टेकडीवरचा पांढरा दगड. ते दोन्ही एका रेषेत आले तेव्हा तो हळूच म्हणाला, "आला गं बांध."

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमचं जुनं गाव या पाण्याखाली आहे. घरं गेली, विहिरी गेल्या, शेतं गेली. पण बांध काही गेले नाहीत. ते माणसांच्या डोक्यात राहिले. कळस आणि पांढरा दगड एका रेषेत आले की आमचा वरचा बांध. चिंचेचं वठलेलं टोक उजव्या खांद्यावर आलं की खालचा. त्या दोहोंमधलं पाणी ते आमचं पाणी. नव्या गावात घर झाल्यावर सगळे शेतकरी हळूहळू मासे धरायला शिकले, पण ज्याने त्याने जाळं टाकायचं ते आपापल्या बुडालेल्या शेतावरच. मासे काही उतारा बघून पोहत नाहीत. पाटलांच्या पाण्यात ते थव्याने फिरायचे आणि आमच्या पाण्यात बोटभर चिंगळ्या. चांगले मुरलेले मासेमार काठावर बसून हसायचे.

"अहो, चार हात पलीकडं टाका की जाळं," आई म्हणायची.

"दुसऱ्याच्या शेतात?" आमचे वडील, आप्पा, भडकायचे. "रात्री जाऊन त्याची कणसं बी आनू काय?"

आप्पा हाडाचे शेतकरी. जाळ्याच्या गाठी ते बैलाच्या दाव्याला मारतात तशा मारायचे. जाळ्याला लागलेलं शेवाळ निवडताना त्यांच्या तोंडून 'तण' असाच शब्द यायचा. संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यात जाळं पसरून लाकडी सुईने ते सांधत बसले की मी दिव्याची काच पुसता पुसता त्यांची बोटं बघत राहायची. त्यांना कधी कोणी पाण्यावर प्रेम करायला सांगितलं नव्हतं, पण त्या बुडालेल्या चार एकरांवर मात्र त्यांचा जीव होता.

"नोड्री, नोड्री!" मल्लाप्पा 'बघा, बघा' असं कानडीत ओरडला आणि मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत सगळं पाणी उठलं.

चक्रवाक! केशरी अंगाचे, पांढऱ्या-काळ्या पंखांचे, चाळीस, नाही, साठ तरी असतील. ते ओरडत आमच्या डोक्यावरून गेले तेव्हा मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागे थापट्या बदकं, बुडबुडून वर येणाऱ्या टिबुकल्या, एका उभ्या खुंटावर पंख वाळत घातलेले पाणकावळे. पाण्यावर सरळ रेषेत उडणाऱ्या नदी सुरयांची पिवळी चोच मला चष्म्याशिवाय दिसली. एक खंड्या हवेत जागच्या जागी थरथरत थांबला आणि दगड टाकावा तसा खाली पडला. मासा घेऊनच वर आला. मी वहीत लिहीत होते, वही भिजत होती, पेन कुठे गेलं ते कळत नव्हतं.

"अगं पडशील, बस की खाली," अण्णा म्हणाला.

"पडले तर तू आहेस की ढकलायला," मी म्हटलं. गुडघ्याची तक्रार करणारा माणूस त्या वाक्यावर ताठ होऊन बसला.

मग ते दिसले. उथळ पाण्यात, उन्हाकडे पाठ करून, डोक्यावर दोन काळे पट्टे ओढलेले राखी राजहंस. हिमालय ओलांडून येतात असं मी मुलांना शिकवते. लहानपणी मला ते हरभऱ्याचे चोर म्हणून माहीत होते. पौषात पहाटे पहाटे मळीतला हरभरा राखायला अण्णा आणि मी जायचो. बोटं थंडीने वाकायची नाहीत. अण्णा रिकामा डबा वाजवायचा आणि मी घसा फुटेपर्यंत ओरडायची. हंस शांतपणे दहा पावलं बाजूला व्हायचे आणि पुन्हा खायला लागायचे. शेवटी आम्हीच हिरवे घाटे ओरबाडून शेकोटीत टाकायचो आणि हुळा खात बसायचो. तोंड काळं, हात काळे, आणि धुक्यातून त्या पाखरांचं आपसातलं बोलणं. तो आवाज परवा पुन्हा आला तेव्हा माझ्या तोंडाला खरोखर हुळ्याची चव आली.

बेट म्हणजे आमच्या जुन्या गावचा माळ. गाव बुडताना तेवढा वर राहिला. तिथे कोणी राहत नाही, कधीच राहिलं नाही. लहानपणी तिथे आमचं एक आंब्याचं झाड उभं होतं. गोटी आंबा, लिंबाएवढा, बाठच जास्त. पण त्याच्या आंबटगोड रसापुढे मला आजही हापूस मुका वाटतो. दर वैशाखात आंबे उतरवायला काहिलीतून जायचं, हा आमचा सण. आई दहीभाताचा निवद बांधून घ्यायची. बेटावर उतरलं की सगळ्यात आधी म्हसोबाच्या दगडाला निवद ठेवायचा आणि तो घरातल्या सगळ्यात धाकट्याने ठेवायचा. धाकटी मी. म्हसोबाचा दगड बेटाच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या अगदी कडेला. तिथवर एकटीने जायचं.

त्या वर्षी आप्पांची जाळी फाटत होती. एकदा नाही, चार-पाच वेळा. मधोमध भगदाड, आणि जाळ्यात माशांची नुसती मुंडकी. आप्पांनी आधी माणसांवर संशय घेतला, मग मगरीवर. जे कोण असेल ते आपल्या शेतात शिरलं आहे, याचाच त्यांना जास्त संताप. "गावू दे एकदा," ते म्हणायचे, "सोलून भिंतीला टांगतो." रानडुकरासाठी लावायचे तारेचे फास त्यांनी माळ्यावरून काढून तेलही लावून ठेवलं होतं.

तर मी निवद घेऊन गेले. ऊन मी म्हणत होतं. वाळूने पाय भाजत होते म्हणून मी टाचांवर चालत होते. दगडाशी पोचले, केळीचं पान ठेवलं, हात जोडले आणि डोळे उघडले. समोर दहा हातांवर, अर्धं पाण्यात अर्धं बाहेर, ते बसलं होतं. तपकिरी, तेल लावल्यासारखं चकचकीत. मिशांवर पाण्याचे थेंब. दोन्ही हातांत मासा धरून, आपण कणीस धरतो तसा, ते कडाकडा खात होतं. मला बघून ते थांबलं. मासा काही सोडला नाही. आम्ही एकमेकींकडे बघितलं; ती मादी होती असं मी मनात तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मग ती पाण्यात अशी उतरली की आवाजही झाला नाही.

मी किंचाळत सुटले. पहिला धावत आला तो अण्णा, ओल्या चड्डीत. मागून आप्पा, आई आणि माझा चुलतभाऊ सदा. सगळे पोचले तेव्हा तिथे निवद होता, वाळू होती, आणि त्या वाळूत पाय घासत उभा असलेला अण्णा.

"काय हुतं रं?" आप्पांनी त्याला विचारलं.

"मुंगूस हुतं," अण्णा म्हणाला. "पळालं तिकडं, झुडपात."

"मुंगूस न्हाई! पाणमांजर हुतं!" मी पाय आपटत रडले. "मासा खाईत हुतं!"

"मुंगूस गं ते, भिजल्यालं," अण्णा म्हणाला, आणि सोळा वर्षांच्या मुलापुढे अकरा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतं? सदा तर पोट धरून हसला. परत येताना काहिलीच्या प्रत्येक गिरकीला त्याने पाण्याकडे बोट दाखवून "ते बघ पाणमांजर!" असं केलं. दुसऱ्या दिवसापासून गावाला नवा वाक्प्रचार मिळाला. कोणी थाप मारली की म्हणायचं, 'पाणमांजर सोडलं.' मी वर्गात पहिली आले, तर सदाने विचारलं, "पाणमांजर न्हवं न्हवं?" माझ्या लग्नाच्या पंगतीत तो विनोद व्याह्यांपर्यंत पोचला. मीही हसायची. न हसून सांगते कोणाला!

एकदा मात्र हसू आलं नाही. मी चौदा वर्षांची असेन. कडब्याच्या गंजीतून धूर येताना मला दिसला आणि मी ओरडत घरात आले. "पाणमांजर सोडू नको," सदा म्हणाला आणि सगळे हसून चहा पीत बसले. गंजीने पेट घेतल्यावर ते धावले. अर्धी गंज गेली. त्या दिवशी कोणी माझी माफी मागितली नाही, आणि मला ती हवीही नव्हती. मला एवढंच हवं होतं की एकाने तरी म्हणावं, ही बघते ते खरं बघते.

आप्पा गेले त्याच्या आदल्या महिन्यात मी त्यांच्या पायाशी बसले होते. ते मध्येच म्हणाले, "खरं सांग बाळा, तवा काय बघितलंतीस?"

"पाणमांजर, आप्पा."

ते हसले. लहान लेकराने चांदोबा मागितला की हसतात तसे. माझा हात थोपटला. त्यांना ते खरं वाटलं नाही, आणि आता कधीच वाटणार नव्हतं.

बोट बेटाला लागली. मल्लाप्पाने इंजिन बंद केलं आणि बोटाने गप्प राहायची खूण केली. किती लहान झालं होतं बेट! की मी मोठी झाले? आंब्याचं झाड वठून गेलं होतं. पांढराफटक सांगाडा, फांद्यांवर पाणकावळ्यांच्या विष्ठेचा चुना. मी बुंध्याला हात लावला. साल नव्हतीच, आत मुंग्यांची वारुळं. शेजारी पाणी ओसरलेल्या जागी दगडांची एक रांग उघडी पडली होती. अण्णा त्या रांगेवरून चालत गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पावलं मोजत. आमच्या माळाचा बांध. गुडघ्याचं त्याला भान नव्हतं.

म्हसोबाच्या दगडाकडे मी पुढे, अण्णा मागे. मला धाप लागली होती, आणि ती वयाची नव्हती. दगडाजवळ ओल्या वाळूत मी गुडघ्यावर बसले. काळपट, विस्कटलेली विष्ठा, आणि तीत चमचमणारे माशांचे खवले. बाजूला पाऊल. पाच बोटं, मध्ये पडद्याची पुसट रेघ. मुलांना फळ्यावर किती वेळा काढून दाखवलं होतं मी हे पाऊल!

"अण्णा," मी हाक मारली.

मग शिट्टी ऐकू आली. बारीक, तुटक, पाखराची नव्हे अशी. पाण्यावर तीन रेघा आमच्याकडे येत होत्या, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक चपटं डोकं. पहिलं काठावर चढलं, अंग झाडलं आणि वाळूत लोळायलाच लागलं, उताणं, पाय वर करून! दुसऱ्याच्या तोंडात मासा. तिसऱ्याने तो हिसकावला. दोघं कचाकचा भांडली, शिट्ट्या, चिवचिवाट, पाण्याचे फवारे, चपट्या शेपट्यांचे फटकारे. एकाने मासा दोन हातांत धरला आणि कडाकडा चावायला सुरुवात केली. तोच आवाज! हाडात जाऊन बसलेला तोच आवाज! मी मोबाइल धरला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्याच वेळी रडत होते, हसत होते, आणि ओठ घट्ट दाबून धरले होते. जन्मात इतका आनंद मला माझ्या निकालाने दिला नव्हता की लग्नाने.

ती तिघं पाण्यात परत गेली तेव्हा मी अण्णाकडे वळले. पंचेचाळीस वर्षं जमवून ठेवलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं.

"बघितलंस? मुंगूस हाय काय हे? बोल की आता!"

अण्णाला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. तो पाण्याकडे बघत होता.

"त्या दिवशी दोन हुती," तो म्हणाला. "तू एकच बघितलीस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तू बघितलंस?"

"व्हय. दुसरं दगडामागं हुतं. पिल्लू हुतं तोंडात."

"आन् मला सगळ्या गावात खोटारडी केलास! अण्णा, पंचेचाळीस वर्षं! निदान आप्पांना तरी सांगायचं हुतंस. मरताना तरी!"

"आप्पांनाच तर सांगायचं न्हवतं गं," अण्णा म्हणाला. "तेल लावल्यालं फास तयार हुतं. मी म्हटलो असतो व्हय, तर संध्याकाळच्या आत इथं तार लागली असती. आन् नंतर... नंतर आप्पांच्या तोंडावर कसं सांगू, की तुमच्या शेतातला चोर मीच लपवला? जाळी सांधून सांधून त्यांची बोटं फुटलेली मी बघत हुतो की."

मी त्याला मारायला हात उचलला. खरंच उचलला. मग तोच हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि आम्ही दोघं म्हातारी म्हसोबाच्या दगडाला टेकून बसलो. राग गेला नव्हता. पण त्या रागाच्या शेजारी आणखी काहीतरी होतं, आणि ते मोठं होतं. सोळा वर्षांचा एक पोर एका पिल्लासाठी बापाशी खोटं बोलला होता, आणि मग बापासाठी आयुष्यभर गप्प राहिला होता. त्याची किंमत मी दिली, हे त्याला रोज ठाऊक होतं.

परतताना मल्लाप्पाने इंजिन सुरू करायच्या आधी विचारलं, "दिसली न्हवं? फोटो काढला?"

"व्हिडिओ काढला," मी म्हटलं.

"बरं." तो थोडा घुटमळला. "टीचर, एक सांगू? औंदा लोकांची जाळी फाटू लागलीत. लई तापल्यात सगळी. कुणाचं नाव न्हाई घेत मी. पण हितं काय हाय ते अजून कुणाला ठाऊक न्हाई. मी बी पाहुण्यांना ह्या अंगाला आणत न्हाई. तुमच्या अण्णांनी आणा म्हटलं म्हणून आणलो."

मी अण्णाकडे बघितलं. तो कळस आणि पांढरा दगड शोधत होता, किंवा शोधतो आहे असं दाखवत होता.

घरी वहिनीने भाकरी थापायला घेतल्या होत्या. चुलीचा धूर, शेंगदाण्याची चटणी, माशाच्या कालवणावर तरंगणारा तेलाचा तवंग. सदा आधीच पानावर बसला होता. आता टक्कल पडलं आहे, नातवंडं शाळेत जायला लागली आहेत, पण जिभेला अजून रजा नाही. आजूबाजूची चार घरं सोप्यात जमली होती, कारण मी बेळगावहून आले की करमणूक होते असा सगळ्यांचा अनुभव. मोबाइल माझ्या पर्समध्ये होता. तीन पाणमांजरं, एक मिनिट चाळीस सेकंद, आवाजासकट. हातच्या कांकणाला आरसा कशाला! सोप्याच्या भिंतीवर आप्पांचा फोटो होता आणि त्याखालच्या कोपऱ्यात, खुंटीला, कोणाचं तरी नवं नायलॉनचं जाळं टांगलेलं होतं. मधोमध भगदाड होतं.

"मग टीचर?" सदाने घास थांबवून विचारलं. सगळा सोपा हसायच्या तयारीत होता. "दिसलं का पाणमांजर?"

अण्णाने मान खाली घातली. त्याने मला काही सांगितलं नाही, डोळ्यांनीही नाही. तेवढा हक्क त्याने स्वतःला दिला नाही.

"न्हाई रं," मी म्हटलं. "ह्या पाण्यात कुठलं आलंय पाणमांजर!"

सगळे हसले. सदाने मांडीवर थाप मारली. "कबूल केलीस की न्हाई शेवटी!" तो म्हणाला. मीही हसले, अगदी मनापासून हसले, आणि अण्णा उठला, गुडघ्यावर हात टेकत माझ्यापर्यंत आला आणि न विचारता माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पोट भरलं होतं, तरी मी ती सगळी खाल्ली.